पीडी बावन्न: लेकीसाठी दुर्बीण घेताना

आमच्या घराला दुर्बीण नवीन नाही. सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, रशियन बनावटीची १०×५० होती (दहा पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर), काळी, जड, कातडी पेटीतली. ओहोटीला वाशिष्ठीच्या काठावर चिखलाचा पट्टा उघडा पडला की, विशेषतः हिवाळ्यात, मगरी तिथे उन्हाला येऊन पडतात, आणि आमच्या मागच्या पडवीतून त्या दिसतात. वाडीतली पोरं त्या दुर्बिणीसाठी आमच्याकडे यायची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा नेमकी ती दुकानातल्या खालच्या कप्प्यात होती. पाणी ओसरल्यावर पेटी सापडली, दुर्बीणही सापडली, पण आतल्या लोलकांवर, म्हणजे प्रिझमवर, गाळ बसला होता. उघडून, धुवून, वाळवून पाहिली. थोड्याच दिवसांत आत बुरशीची जाळी धरली. सासऱ्यांनी ती अजून टाकलेली नाही, तो वेगळा विषय.

ओवी पाच पूर्ण करून सहाव्यात गेली तेव्हा तिच्या मामाने वाढदिवसाला प्लॅस्टिकची दुर्बीण दिली. हिरवी-पिवळी, अंगावर ‘३०×’ छापलेलं. मामाच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण त्यातून पडवीतला खांबसुद्धा धड दिसत नव्हता. असल्या खेळण्यांत लोलक नसतात. पुढे एक फुगीर भिंग, डोळ्याकडे एक खोलगट भिंग, बस्स. बहुतेकदा दोन्ही प्लॅस्टिकची. अशा रचनेत दोन-तीन पटींपेक्षा जास्त मोठं दाखवायला गेलं की दिसणारा गोल नळीतून पाहावं इतका अरुंद होतो. ‘३०×’ हा आकडा कुठून येतो हे छापणाऱ्यालाच ठाऊक. ओवीने ती उलटी धरली, आबा लांब गेलेले पाहून खूप हसली आणि चार दिवसांत ती वाळूच्या बादलीत गेली.

मुलांच्या दुर्बिणींबद्दल बोलताना सगळे ‘टिकाऊ हवी’ म्हणतात. पण ती खेळण्यातली दुर्बीण चांगली टिकाऊ होती. ती अजून बादलीत आहे, शाबूत. पडून फुटली म्हणून मुलाने दुर्बीण सोडली, असं मी फारसं पाहिलेलं नाही. काही दिसतच नाही म्हणून सोडतात. आधी दिसलं पाहिजे, मग टिकण्याचं बघू.

घरात मतं पडली. नवरा म्हणाला, एवढ्याशा पोरीच्या हाती महागाची वस्तू कशाला, दहा वर्षांची झाली की बघू. आबा म्हणाले, घ्यायची तर १०×५० घ्या, बाकी सगळी खेळणी. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि शेजारच्या पक्षी बघणाऱ्या मास्तरांकडून त्यांची ८×४२ संध्याकाळपुरती मागून आणली. दगडी गडग्यावर ओवीच्या कोपरांना टेकू दिला आणि समोरच्या बेहड्यावर बसलेला धनेश दाखवायचा प्रयत्न केला. ती एक डोळा मिटून बघत होती.

“दोन्ही डोळे उघड की गं.”

“उघडले की दोन गोल दिसतात. मग एक मिटते.”

दुर्बीण बिजागरीवर जितकी जवळ येईल तितकी आणून ठेवली होती. तरीही तिला दोन गोलच दिसत होते. मास्तरांना परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी एका वाक्यात सांगितलं, “वहिनी, तिचे डोळे जवळ आहेत, नळ्या तेवढ्या जवळ येत नाहीत. चष्म्याच्या दुकानात जाऊन पीडी काढून आणा.”

पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. चष्मा करताना काढतातच. दुकानदाराने ओवीला लांबच्या पाटीकडे बघायला सांगितलं, यंत्र लावलं आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं: ५२. मिलिमीटर. पैसेही घेतले नाहीत. घरी पट्टीनेही जमतं. मुलाला दूरची वस्तू बघायला लावायची, पट्टी नाकाच्या शेंड्याऐवजी वर, भुवयांच्या खाली धरायची आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजायचं. फक्त पाच वर्षांचं मूल तेवढा वेळ पट्टीऐवजी लांब बघत नाही. माझी स्वतःची ६१ निघाली, नवऱ्याची ६४. मोठ्यांची साधारण साठीच्या घरात असते, आणि दुर्बिणी बनतात त्या मोठ्यांसाठी.

त्यानंतर शोधाची दिशाच बदलली. दुर्बिणीच्या माहितीपत्रकात पट, भिंगाचा व्यास, वजन हे ठळक असतं. दोन नळ्या कमीत कमी किती जवळ येतात हा आकडा पार तळाशी, आणि कित्येकदा नसतोच. जिथे होता तिथे बहुतेक ठिकाणी ५६, ५७, ५८. ‘लहान मुलांसाठी उत्तम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिशात मावणाऱ्या ८×२१ दुर्बिणींचाही ५६ च. चार मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. पण दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत किती रुंद, ते पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की कळतं. एकवीस भागिले आठ, म्हणजे जेमतेम २.६ मिलिमीटर. प्रत्येक डोळ्याला दोन-दोन मिलिमीटर बाजूला सरकलेला एवढा बारीक झोत बाहुलीच्या कडेला जातो. मूल जरा हललं की अर्धा गोल काळा. मूल मग एक डोळा मिटतं, आणि आपण म्हणतो, हिला अजून कळत नाही.

मुंबईला लग्नाला जायचंच होतं, म्हणून ओवीला घेऊन मी फोर्टात बोरा बाजारला गेले. कॅमेऱ्याची आणि दुर्बिणींची दुकानं तिथे ओळीने आहेत. पहिल्या दुकानात ‘लहान मुलीसाठी’ म्हटल्याबरोबर काचेखालून लाल चकाकणाऱ्या भिंगांची एक बाहेर आली. “ताई, ही घ्या, वीस एक्स, रात्रीचंही दिसेल.” भिंगावरचा तो माणकासारखा लाल लेप नुसता दिखाऊपणा असतो. तो लाल प्रकाश परत फेकतो, त्यामुळे आतलं चित्र हिरवट आणि मंद दिसतं. वीस पट मोठं दिसतं तेव्हा हाताचं थरथरणंही वीस पट दिसतं. वीस पटीला तिवई लागते. मोठ्या माणसालाही हातात धरून दहाच्या पुढे स्थिर बघणं अवघड जातं. मी सहा किंवा साडेसहा पटीची मागितली तर दुकानदाराला वाटलं मी पैसे वाचवतेय.

पुढच्या दुकानातले गृहस्थ मात्र धीराचे होते. त्यांनी मला एक-एक दुर्बीण दारापाशी नेऊन बघू दिली. मी बघायचे त्या गोष्टी तशा थोड्याच. उजेडाकडे धरून, हात लांब करून डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा उजळ ठिपका बघायचा. लोलक चांगल्या काचेचे असतील तर तो पूर्ण गोल दिसतो, हलक्या काचेचे असतील तर त्याच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनी होतात. मग कानाशी धरून हळूच हलवायची, आत काही खुळखुळतंय का ते बघायला. फोकसचं चाक ओवीच्या बोटांनी फिरतंय का, तेही. छोट्या घडीच्या दुर्बिणींना दोन बिजागऱ्या असतात. खिशात ठेवायला सोयीच्या, पण मुलाने प्रत्येक वेळी वेगळीच दुमडली की पुन्हा सगळं जुळवत बसा. मला मध्ये एकच बिजागरी हवी होती.

ओवीची परीक्षा जास्त महत्त्वाची होती. ‘दिसतंय का?’ विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात. आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात, किंवा लवकर सुटावं म्हणून. त्यामुळे मी तिला मनाने सांगता येणार नाही असंच काहीतरी विचारत होते. समोरच्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोरीवर कपडे वाळत होते. “निळ्या टॉवेलला किती चिमटे आहेत?” मी आधी मोजून ठेवलेले असायचे. मोठ्या ८×४२ मधून तिने चिमटे बरोबर सांगितले, पण एक डोळा मिटून, आणि हात लगेच भरून आले. ती दुर्बीण पाऊण किलोच्या आसपास होती. छोट्या ८×२१ मधून तिला टॉवेलच सापडेना. सहा पटीच्या एका जुन्या दुर्बिणीतून, जी विक्रीला नव्हतीच, त्या गृहस्थांची स्वतःची होती, तिने चिमटे सांगितले, वर ‘कबुतराचे पाय गुलाबी आहेत’ हेही सांगितलं. ते मी विचारलंच नव्हतं. सहा पट तिला पुरते, हे तिथे ठरलं.

एक मोह मात्र मोठा होता. पेंटॅक्स कंपनीची पॅपिलिओ नावाची ६.५×२१ दुर्बीण आहे, ती अर्ध्या मीटरवरचं फोकस करते. म्हणजे पायाशी बसलेलं फुलपाखरूही मोठं करून दाखवते. सहा वर्षांच्या मुलाचं जग अर्ध्या मीटरच्या आतच असतं. मुंगळे, खेकडे, आळूच्या पानावरचे थेंब. माझ्या मते मुलांना लांबचं दाखवायची घाई आपल्यालाच असते. पण ती पाण्यापासून सुरक्षित नाही, आणि नळ्या पुन्हा ५६ ला थांबतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर जी दुर्बीण कपाटात ठेवावी लागेल, ती कोकणातल्या मुलीला काय कामाची. देशावर, कोरड्या हवेत राहत असते आणि ओवी आठ-नऊ वर्षांची असती तर मी डोळे झाकून तीच घेतली असती.

शेवटी निवडली ती कोवा कंपनीची ६×३०. नळ्या ५० मिलिमीटरपर्यंत जवळ येतात आणि ७० पर्यंत लांब जातात, म्हणजे घरात सगळ्यांना चालते. झोत पाच मिलिमीटरचा, त्यामुळे डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही. हजार मीटरवर १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. मगर शोधताना याचा फार उपयोग, कारण मूल नेम धरत नाही, साधारण त्या बाजूला फिरवतं. आतली हवा काढून नायट्रोजन भरलेला, म्हणून आतून वाफ धरत नाही. वजन पाचशे ग्रॅमच्या आत. दिसायला जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली. सरळ नळ्यांच्या दुर्बिणी सुटसुटीत आणि देखण्या असतात, पण कमी किमतीत त्यांच्यात तेवढं स्वच्छ चित्र मिळत नाही, त्यांच्या लोलकांवर लागणारे लेप महाग असतात. नणंद सिंगापूरला असते, ती मे महिन्यात येताना घेऊन आली. हात न लावता घेतली खरी, पण पीडीचा आकडा हातात असल्यामुळे धास्ती नव्हती.

आल्या दिवशी मी ओवीला ती बघायला दिलीच नाही. आधी जुळवणी. दोन्ही नळ्या मिटवत आणायच्या, एकच गोल झाला की थांबायचं. मग उजव्या डोळ्याकडची कडी, दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारी. डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने विजेच्या तारेवर फोकस, मग उजवा उघडा ठेवून फक्त कडीने. ओवीची नजर दोन्ही डोळ्यांत सारखी असल्याने कडी शून्यावरच राहिली. तिथे आणि बिजागरीवर मी नखाला लावायच्या लाल रंगाचे ठिपके दिले. आबांनी त्यांच्या डोळ्यांसाठी फिरवलं की तिला ठिपके जुळवून पुन्हा आपलं करता येतं, मला हाक न मारता.

शिकवायला एकच गोष्ट लागली. दुर्बीण लावून शोधायचं नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायचं, त्यावरची नजर हलवायची नाही, आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. मुलं उलट करतात, दुर्बीण बघून लावतात आणि मग रानभर फिरतात. सुरुवातीला स्थिर आणि मोठी गोष्ट द्यावी. आम्हाला मगरी होत्या. अर्धा तास न हलणारा प्राणी नवशिक्यासाठी उत्तम, आणि तोही नदीच्या पलीकडच्या काठावरचा. तिने पहिल्याच सकाळी विचारलं, “ती तोंड उघडं ठेवून का झोपलीये?” अंग तापतं तेव्हा मगरी जबडा उघडून थंड होतात, हे आबांना ठाऊक होतं. मलाही माहीत नव्हतं ते तेव्हा कळलं. उडते पक्षी तिला अजून सापडत नाहीत. पिकलेल्या वडावर बसून फळं खाणारा धनेश सापडतो, कारण तो तिथून हलत नाही आणि आवाज करून जागा सांगतो.

जवळचं दिसत नाही, हे या दुर्बिणीचं मोठं न्यून. चार-पाच मीटरच्या आत सगळं धूसर. अंगणातला धोबी पक्षी पायरीपाशी आला की ओवी मागे-मागे सरकत पार गोठ्यापर्यंत जाते. मुंग्यांसाठी साधं हातभिंग दिलंय. आणि एक युक्ती मास्तरांनी शिकवली: दुर्बीण उलटी करायची, डोळ्याकडचं भिंग पानाच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर न्यायचं आणि मोठ्या भिंगातून एका डोळ्याने बघायचं. छान भिंगाचं काम होतं. फक्त नंतर काच पुसायची आठवण ठेवावी लागते. आधी फुंकर, मग मऊ फडकं. गुहागरच्या वाळूचा एक कण असला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलं की ओरखडा कायमचा.

गुहागरचा किनारा पश्चिमेकडे आहे, तिथे आम्ही दुर्बीण फक्त सकाळी नेतो. त्यामागे एक कडक नियम आहे. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, मावळतानाही नाही, ढगाआड असतानाही नाही. भिंगातून एकवटलेलं ऊन डोळ्याच्या पडद्याला क्षणात कायमची इजा करू शकतं आणि तिथे दुखतही नाही. सहा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी समुद्रावर नेऊन ‘तिकडे बघू नकोस’ सांगणं म्हणजे बघायला सांगणंच. सकाळी ऊन पाठीशी असतं, आणि हिवाळ्यात आलेल्या कुरवांवर तेव्हाच छान उजेड पडतो. नियम पाळायचे तर ते मोडायची संधीच कमी ठेवावी, या मताची मी आहे.

गळ्यातला पट्टा हा वादाचा विषय झाला. सोबत आलेला पट्टा मजबूत होता, आणि तेच मला नको होतं. आमची मुलगी झाडावर चढते. फांदीत अडकला आणि पाय सुटला तर पट्टा तुटलाच पाहिजे. मी तो कापून मानेमागे वेल्क्रोचा तुकडा शिवला, झटका बसला की सुटणारा. आबांना हे पटलं नाही. “दुर्बीण पडेल ना अशाने.” मी म्हटलं, “आबा, पडू दे की.” ते गप्प बसले, पण नातीला स्वतंत्रपणे नियम घालून दिला: झाडावर चढताना दुर्बीण आजोबांच्या गळ्यात. दोन्ही नियम चालू आहेत.

पावसाळ्याचं सांगायचं तर नायट्रोजनची दुर्बीण पाण्याला भीत नाही, पण रबर, बिजागरी आणि काचेचा बाहेरचा भाग यांना बुरशी लागायची ती लागतेच. मी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या घालून ठेवते. रंग बदलला की पुड्या उन्हात नाहीतर मंद आचेवर कोरड्या करायच्या. त्या ओवीच्या हाती लागू देत नाही, रंग बदलणाऱ्या गोळ्यांतलं रसायन पोटात जाण्यासारखं नसतं. भिजून आली की लगेच कातडी किंवा कापडी पिशवीत कोंबायची नाही. आधी पुसून पंख्याखाली. बुरशीला अंधार आणि दमट हवा आवडते, आणि कोकणात दोन्ही फुकट मिळतं.

आणि ती पडली. पडवीच्या कठड्यावरून खालच्या चिऱ्यांवर. रबराचा एक कोपरा चरचरला, भिंगं शाबूत. पण दुर्बिणीची खरी दुखापत बाहेरून दिसत नाही. आतला लोलक केसभर सरकला तर दोन्ही नळ्या वेगवेगळीकडे बघायला लागतात. डोळे तेवढं ओढून घेतात, काही वेळाने डोकं दुखतं, मळमळतं. मूल ते सांगू शकत नाही, फक्त दुर्बीण नको म्हणतं. म्हणून प्रत्येक पडण्यानंतर तपासायची. समोरच्या घराच्या कौलांचं वरचं आडं, आडवी सरळ रेष, त्यावर दुर्बीण धरायची आणि हळूहळू डोळ्यांपासून लांब न्यायची. दोन्ही गोलांतली रेष एकाच पातळीवर राहिली तर ठीक. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली तर दुरुस्तीला, आणि ती दुरुस्ती घरी पेचकस घेऊन करायची नाही. मी आडं बघत होते, रेष जागेवर वाटत होती, तरी खात्री म्हणून पुन्हा बघायला गेले. तेवढ्यात ओवीने माझ्या हातातून घेतली, ठिपके जुळवले आणि नदीकडे लावली.

“एकच गोल आहे, आई. दे आता.”